गव्याच्या नाण्यावरचं साल

आई, परवा शनिवारी तुझं गव्याचं नाणं घेऊन मी मनामाच्या बाजारात गेले होते. किंमत काढायला. दिलेल्या वस्तूचा भाव विचारायचा नाही, असं तू मला एकदा चांगलंच खडसावून सांगितलं होतंस, ते विसरले नाहीये. पण या वेळी हट्ट माझा नव्हता, तुझ्या नातीचा होता. ती आता तेरा वर्षांची आहे. तू गेल्यावर तीन वर्षांनी झाली, म्हणजे तुमची दोघींची गाठच पडली नाही. तिच्यासाठी तू म्हणजे भिंतीवरचा एक फोटो आणि मी सांगते तेवढी. परवापासून हेच मला टोचतंय. आज माझी दुपारची शिफ्ट आहे, लेक शाळेत गेली आहे, तेव्हा इथे बहरीनमध्येच, सनाबिसच्या आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तुला लिहायला घेतलंय. त्या नाण्याबद्दलची एक गोष्ट मी तुला चौतीस वर्षं सांगितली नाही. ती आधी सांगून टाकते आणि मग कशी झाली ते लिहिते. नाणं तुझ्या चिंचेनं नाही खराब झालं, मी घासलं होतं.

आता पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला सांगायचंय. अमेरिकेचं पाच सेंटचं जुनं नाणं, आपल्या जुन्या आठ आण्यांहून थोडं लहान. एका बाजूला केसांत पिसं खोवलेला तिथला मूळचा माणूस, दुसऱ्या बाजूला पाठीवर उंचवटा असलेलं दांडगं जनावर. बाबांनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा तर रेडा आहे. लक्ष्मीच्या ताटात यमाचं वाहन ठेवणारी अख्ख्या बहरीनमध्ये तू एकटीच." बाबा पुण्याचे, त्यांना गवा कुठून माहीत असणार. तू राधानगरीकडची. तू हातातलं काम न सोडता म्हणालीस, "रेडा न्हवं, गवा हाय त्यो. आमच्या उसात शिरतोय तसला. यमाची काय टाप हाय त्याच्यावर बसायची." तेव्हापासून ते आपल्या घरात गव्याचं नाणं झालं, आणि बाबा दर दिवाळीला त्याला नमस्कार करताना मुद्दाम "महाराज, उसात शिरू नका" म्हणायचे. एवढ्या वर्षांत तो विनोद कधी जुना झाला नाही, निदान बाबांना तरी तसं वाटायचं.

नाणं तुला मिळालं तो दिवस मी बघितलेला नाही, पण तू आणि वसईच्या मावशींनी तो इतक्यांदा सांगितलाय की मला तो दिसतो. जुफैरमधलं ते शिलाईचं दुकान. तू आणि मावशी शेजारशेजारच्या मशीनवर. नौदलाच्या तळावरची माणसं गणवेशावर बिल्ले लावून घ्यायला, पँटी आखूड करायला येतात. दुपारी एक वाजता दुकान बंद व्हायच्या वेळी एक पांढऱ्या मिशांचा माणूस कोट घेऊन येतो. बाहीचं अस्तर फाटलंय आणि त्याला संध्याकाळी निघायचंय. मालक म्हणतो, चारनंतर या. तू मान हलवतेस, कोट ओढून घेतेस आणि सगळे जेवायला गेल्यावर बंद शटरच्या आत बसून ते अस्तर शिवून देतेस. इंग्रजी तुला येत नाही, म्हणून मावशी सोबतीला थांबतात. माणूस शिलाईचे पैसे देतो, मग पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून हे नाणं काढून तुझ्या हातावर ठेवतो. मावशींनी तुला सांगितलं, "म्हणतो, हे माझ्या आजोबांचं. जवळ ठेव, बरं होईल." तू म्हणालीस, "मग ह्यो मला कशाला देतो? ह्याचं बरं व्हायचं न्हाई का?" मावशींनी ते त्याला सांगितलंच नाही. त्यांना अजून हसू येतं त्याचं.

आपल्याकडे आलेल्या लक्ष्मीला बसायला एकच जागा. देव्हाऱ्याखालच्या डब्यात चांदीची दोन नाणी होती, आजोळहून आलेली, त्यांच्या शेजारी गवा गेला. आणि मग दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिन्ही नाणी चिंचेच्या पाण्यात. पितळेच्या वाटीत तू चिंच कुस्करायचीस, नाणी त्यात बुडवायचीस, मग अंगठ्यानं चोळून, धुऊन, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसायचीस. ताटात हळदकुंकू, लाह्या, बत्तासे आणि मधे चकचकीत गवा. परदेशी नाणं म्हणून त्याला वेगळी वागणूक नव्हती. जगात जी माणसं नाणी जमवतात ती जुन्या नाण्याला पाण्याचं बोटसुद्धा लावत नाहीत, हे आपल्याला कुठून कळणार. आपल्याकडे मळकी वस्तू देवापुढे ठेवत नाहीत, एवढंच आपल्याला ठाऊक.

मला नाणी जमवायचा नाद लागला तो अकराव्या वर्षी. शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांकडे नाण्यांचं पुस्तक होतं, त्यात आपला गवा होता. पुस्तकात लिहिलं होतं की त्या नाण्याची किंमत सालावर ठरते. काही सालं पैशाला पासरी, काहींना लोक जपून तिजोरीत ठेवतात. मी घरी धावत आले आणि डबा उघडून बघितलं. साल त्या पिसंवाल्या माणसाच्या खांद्यावर, म्हणजे नाण्यावरच्या उंच जागी, म्हणून घासून तेच आधी जातं. पहिले दोन आकडे दिसत होते, शेवटचे दोन अगदी पुसट. मी तुला म्हटलं, "आई, हे मला दे ना, आपण विकलं तर किती येतील?" आणि तू लाटणं हातात धरूनच वळलीस. "कुणी हातावर ठेवल्यालं विकायचं? भाव विचारायचा त्याचा? परत त्या डब्याला हात लावशील तर बघ." मी हिरमुसले. मला विकायचंही नव्हतं फारसं. मला फक्त ते साल हवं होतं, वर्गात सांगायला.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तू नेहमीसारखी नाणी चिंचेत टाकून मावशींकडे करंज्यांचं सारण द्यायला गेलीस. बाबा सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये होते. एसी दुरुस्तीच्या त्या वर्कशॉपमधून ते कायम काहीबाही घरी आणायचे, त्यातला काळ्या पॉलिश पेपरचा तुकडा खिडकीत पडला होता. मला वाटलं, चिंचेनं नाणं उजळतं, मग याने आणखी उजळेल, आणि आकडे वर येतील. तुझ्याच हाताखाली शिकलेलं गणित होतं ते, जितकं घासू तितकं चमकेल. मी गवा वाटीतून काढला आणि खांद्यावरच्या त्या जागी घासायला लागले. आकडे वर आले नाहीत. मी आणखी जोरात घासलं. मग खांदा गुळगुळीत झाला, आणि जे दोन आकडे दिसत होते तेही गेले. मी नाणं परत वाटीत टाकलं, हात धुतले आणि अभ्यासाला बसले. कागद कचऱ्यात खोल घातला. आज मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली लोकांची रक्तं बघते, नमुना हाताळताना एकही चूक होऊ देत नाही, आणि माझी पहिली तपासणी अशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू वाटीतून गवा काढलास आणि बघत राहिलीस. "आत्ता गं बया," म्हणालीस, "चिंचंत लई येळ ऱ्हायलं वाटतं." मी वहीत डोकं खुपसून बसले होते. तू माझ्याकडे बघितलंस का ते मला आठवत नाही, कारण मी बघितलं नाही. मग पुढच्या दिवाळीत बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ फराळाला आले, त्यांना नाण्यांची माहिती होती, आणि त्यांनी चकली खात खात सांगितलं की जुनं नाणं धुतलं की त्याची किंमत संपली, चिंच-बिंच तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तू ओट्याशी उभी होतीस. म्हणालीस, "तुझं ते नाणं माझ्या हातानं गेलं बघ. मला कळलं न्हाई. चुकलं माझं." आणि तशीच उभी राहिलीस, हातात सांडशी धरून, बराच वेळ. मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "असू दे गं आई." मोठ्या मनानं. मी तुला क्षमा केली. आठवड्याभरानं तू मला शिलाईच्या पैशांतून नाण्यांची वही आणून दिलीस, पारदर्शक कप्प्यांची, निळ्या पुठ्ठ्याची. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिचा पहिला कप्पा मी तेव्हापासून रिकामा ठेवला आहे, आणि कुणी विचारलं तर सांगते की तिथे बसेल असं नाणं अजून मिळायचंय.

तर परवा. दिवाळीची आवराआवर करताना लेकीला डबा सापडला. तिनं फोनवर शोधलं आणि धावत आली, "मम्मा, धिस इज अ बफलो निकेल! पीपल पे क्रेझी मनी फॉर धिस!" मी म्हटलं, बफलो नाही, गवा आहे तो. ती म्हणाली, "व्हॉटेव्हर, लेट्स गो." मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण खरं सांगते, मलाही जायचं होतं. मनामाच्या बाजारात आतल्या गल्लीत एक म्हातारे बहरीनी गृहस्थ जुनी नाणी, तिकिटं, मोती तोलायचे जुने तराजू असं विकतात. पांढरा पायघोळ थोब, डोळ्यांवर जाड भिंग, आणि हिंदी आपल्यापेक्षा बरी. त्यांनी नाणं घेतलं, कडेनं धरलं, उलटं केलं. गव्याच्या पायाखाली एक बारीक अक्षर होतं ते लेकीला दाखवलं आणि कोणत्या टांकसाळीचं ते सांगितलं. मग सुलटं केलं आणि थांबले.

"ये किसने घिसा?" त्यांनी विचारलं.

"माँ ने," मी म्हटलं. "इमली से. हमारे यहाँ पूजा में धोते हैं."

आई, विचार करायला वेळच लागला नाही. चौतीस वर्षांची सवय, तोंडातून आपसूक बाहेर पडली. त्यांनी भिंगातून पुन्हा बघितलं. "इमली से रंग बदलता है, बेटी. इमली से लकीर नहीं पड़ती. ये काग़ज़ है, वर्कशॉप वाला. एक ही जगह, ज़ोर से." आणि वर मान करून माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग नाणं मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. लेकीनं विचारलं, साल असतं तर? "शायद कुछ होता. शायद कुछ भी नहीं. अब तो ये किसी को नहीं पता." चहा पाजला त्यांनी, एक फिल्स घेतला नाही. म्हणाले, घर की चीज़ है, घर में रखो, और अब इसको कुछ मत लगाना. गाडीत बसताना लेक म्हणाली, "पुअर आजी. शी युज्ड सँडपेपर. शी जस्ट डिडन्ट नो, ना?" मी गाडी सुरू केली. तिच्या डोक्यात आता एक अडाणी आजी तयार झाली होती, जिला पॉलिश पेपर आणि चिंच यातला फरक कळत नव्हता. जिच्या हातचं अस्तर बघून माणसं दुसऱ्या देशात परत जाताना वळून बघायची, तिच्याबद्दल हे. आणि ते मी करून ठेवलं होतं.

तिथून आम्ही जुफैरला मावशींकडे फराळ द्यायला गेलो. मावशी आता मुलाकडे असतात, बाराव्या मजल्यावर, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. नाताळला त्यांचा केक आपल्याकडे आणि दिवाळीला आपला डबा त्यांच्याकडे, हे तू सुरू केलेलं अजून चालू आहे. लेकीनं चपला काढता काढताच सगळी हकीकत सांगितली, बाजार, भिंग, आणि "मावशी आजी, आजी रब्ड इट विथ सँडपेपर!" मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, हातात चकलीचा डबा धरून. मला ती नजर ओळखीची वाटली. तू सांडशी धरून उभी होतीस तशाच त्या बसल्या होत्या.

मी म्हटलं, "आजीनं नाही. मी घासलं. मी अकरा वर्षांची होते."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "बट यू टोल्ड दॅट अंकल..."

"खोटं सांगितलं."

मावशींनी डबा खाली ठेवला. "फुटलं एकदाचं तोंड," म्हणाल्या. "बाय, तुझ्या आईला त्याच दिवशी ठाऊक झालेलं. वाटीच्या तळाशी काळी पूड होती. दुपारी मशीनवर बसली आणि मला म्हणाली, चिंचेची पूड कधी काळी असते का? मी म्हटलं, मग दे एक ठेवून पोरीच्या. तर म्हणे, न्हाई, मी विचारणार न्हाई, ती आपणहून सांगंल. दर दिवाळीला मी विचारायची, सांगितलं का गो तिनं? ती म्हणायची, सांगंल की, काय घाई हाय."

आई, मला रडू आलं आणि मी रडले, मावशींच्या सोफ्यावर बसून, तेरा वर्षांच्या मुलीसमोर. वाईट वाटलं म्हणून नव्हे फक्त. हायसं वाटलं. तू ओट्याशी उभी राहून "चुकलं माझं" म्हणालीस, ते मला बोलायला जागा करून देत होतीस, आणि मी त्या जागेत उभी राहून तुला क्षमा केली. याच्यावर तू मनातल्या मनात किती हसली असशील. हसली असशील असंच मी धरून चालले आहे. लेकीनं मला रडू दिलं, मग विचारलं, "सो शी सेड सॉरी टू यू, अँड यू सेड इट्स ओके?" मी हो म्हटलं. "वॉव, मम्मा," म्हणाली, आणि चकली उचलली. थोड्या वेळानं मावशींना विचारायला लागली, आजी कशी होती, इंग्रजी येत नव्हती तर गिऱ्हाइकांशी कशी बोलायची, रागावली की काय म्हणायची. मावशी सांगत सुटल्या. कोटवाल्याची गोष्ट सांगितली, "ह्यो मला कशाला देतो" पण सांगितलं. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. परत येताना गाडीत तिनं तीन वेळा तुझ्यासारखं "काय टाप हाय" म्हणून बघितलं. चौथ्यांदा जवळजवळ जमलं.

घरी आल्यावर तिनं निळी वही काढली, पहिल्या रिकाम्या कप्प्यात एक चिठ्ठी सरकवली. तिच्या तिरप्या इंग्रजी अक्षरात लिहिलंय, साल माहीत नाही, कारण मम्मा. नाणं मात्र तिनं वहीत घातलं नाही. डब्यात ठेवलं, तुझ्या दोन चांदीच्या नाण्यांशेजारी. मी काही सांगितलं नव्हतं.

उद्या लक्ष्मीपूजन. दुकानदारांनी नाण्याला काही लावू नका म्हणून बजावलंय, पण माझ्यासमोर पितळेच्या वाटीत चिंच भिजते आहे आणि गवा तिच्यात बसला आहे. आता त्याचं काय बिघडायचं राहिलंय. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा चार घड्या करून त्या चिठ्ठीमागे कोंबीन, कप्पा फुगेल, फुगू दे. एक सांगायचं राहिलं. मावशींकडून निघाल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते की तू तेव्हाच सरळ विचारायला हवं होतंस, एक धपाटा घातला असतास, दोघी मोकळ्या झालो असतो. आज चिंच कुस्करताना ते भांडण संपलं. तू विचारलं असतंस तर मी "मी नाही" म्हटलं असतं, आई. आणि मग मी तसं म्हणाले, हेही तुला कायमचं माहीत राहिलं असतं.